पहिल्या बल्बने करंट खाल्ला का? मुलांना सर्किट शिकवताना कुठून सुरुवात करावी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात दर रविवारी आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या स्वतः वाणिज्य शाखेच्या. टॉर्चचे दोन बल्ब दोन सेलवर एकापुढे एक जोडले, तर दोन्ही मंद पेटले आणि दुसरा जरा जास्तच मंद. मुलांनी विचारलं, ‘पहिल्याने करंट खाल्ला का?’ त्यांनी हो म्हटलं, पण खात्री वाटेना. मग एलईडी ९ व्होल्टच्या बॅटरीला लावली, ती क्षणभर चमकून कायमची विझली. शेवटी बल्ब घेऊनच ओहमचा नियम पडताळायला गेल्या, तर आकडे जुळेनात. ‘हे सगळं कुठून सुरू करू?’ असं त्या विचारतात.

ताई, पहिल्या बल्बने करंट खाल्लेला नाही. पुढच्या रविवारी मुलांना हे सांगाच, पण नुसतं सांगून ते पटणार नाही. त्यांच्या हातून मोजून घ्या. तुमचे तीन प्रश्न वेगळे दिसत असले तरी तिन्हींच्या मागे एकच समज आहे: करंट सेलमधून निघतो, वाटेत एकेका वस्तूला भेटतो, प्रत्येक ठिकाणी थोडा खर्च होतो आणि उरलेला पुढे जातो. मुलं सर्किटकडे रांगेसारखं बघतात. सर्किट मात्र अखंड कडं असतं, आणि त्यातून किती करंट वाहायचा हे सेल, तारा, बल्ब, सांधे या सगळ्यांवर मिळून ठरतं. एका जागी काही बदललं की सगळीकडचा करंट त्याच क्षणी बदलतो. ही गोष्ट डोक्यात बसेपर्यंत सूत्राकडे वळू नये असं माझं ठाम मत आहे. सूत्र पाठ करून मार्क मिळतात, पण समज तशीच राहते आणि दहावीत पुन्हा आडवी येते.

तुमच्याकडे दुसरा बल्ब जास्त मंद का झाला, ते आधी बघू. दोन्ही बल्ब खरोखर सारखे असते तर दोन्ही सारखेच मंद पेटले असते. म्हणजे ते सारखे नाहीत. टॉर्चच्या बल्बच्या धातूच्या टोपीवर बारीक आकडे कोरलेले असतात, ते भिंगाने वाचा. एकावर २.५ व्होल्ट ०.३ अँपिअर आणि दुसऱ्यावर २.५ व्होल्ट ०.२ अँपिअर असेल, तर एकसर (एकापुढे एक) जोडणीत ०.२ वाला उजळ आणि ०.३ वाला मंद दिसतो, मग तो पहिला असो की दुसरा. कारण ०.२ वाल्याचा रोध (करंटला होणारा अडथळा) जास्त आहे आणि दोघांतून करंट एकच वाहतो. आकडे सारखे असले तरी वेगवेगळ्या पाकिटांतल्या बल्बांत थोडा फरक निघतोच.

मुलांना हे उलगडून सांगण्याआधी दोन गोष्टी करायला लावा. एक, बल्बांच्या जागा अदलाबदल करा. मंदपणा जागेबरोबर राहतो की बल्बबरोबर जातो? तो बल्बबरोबर जाईल. दोन, जागा तशाच ठेवून सेल उलटे फिरवा. करंटची दिशा उलटली, म्हणजे ‘पहिला’ बल्ब आता ‘दुसरा’ झाला. उजेडात काहीच फरक पडणार नाही. प्रत्येक वेळी करण्याआधी काय होईल ते वहीत लिहून घ्या. अंदाज चुकला की मूल आपणहून विचारात पडतं. त्याने अंदाजच लिहिला नसेल तर निकाल बघून ‘मला ठाऊक होतं’ म्हणतं आणि शिकणं तिथेच थांबतं.

आता मोजणं. करंट, व्होल्टेज आणि रोध मोजणारा साधा पिवळा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. त्याला तीन भोकं असतात. काळी तार नेहमी ‘कॉमन’मध्ये. करंट मोजताना लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला आणि चकतीही १० अँपिअरवर आणा. शेजारची २०० मिलीअँपिअरची रेंज इथे चालणार नाही. टॉर्चचा बल्ब ३०० मिलीअँपिअरच्या आसपास घेतो, आतला फ्यूज जाईल आणि मीटर बिघडला असं वाटेल. करंट मोजायचा तर सर्किट एका जागी तोडून मीटर त्या तुटलेल्या जागेत बसवावा लागतो, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जातो. व्होल्टेज मोजताना काही तोडायचं नाही, लाल तार व्होल्टच्या भोकात घालून दोन टोकांवर नुसती टोकं टेकवायची. करंटवर लावलेला मीटर चुकून थेट सेलच्या दोन टोकांना टेकवला तर ते शॉर्ट सर्किटच, कारण करंट मोजताना मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. १० अँपिअरच्या भोकाला स्वस्त मीटरमध्ये बहुधा फ्यूजही नसतो. ही एक चूक वर्गात हमखास होते, म्हणून लाल तार कुठल्या भोकात आहे ते दुसऱ्या मुलाने मोठ्याने सांगितल्याशिवाय पहिल्याने टोकं टेकवायची नाहीत, असा नियम ठेवा.

दोन सेल आणि २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचे दोन बल्ब एकसर जोडून तीन ठिकाणी करंट मोजा: सेल आणि पहिल्या बल्बच्या मध्ये, दोन बल्बांच्या मध्ये, दुसऱ्या बल्बनंतर सेलकडे परतताना. तिन्ही ठिकाणी एकच आकडा येईल, साधारण ०.२२ च्या आसपास. सेल जुने असतील तर कमी येईल, पण तिन्ही सारखेच. शेवटच्या अंकात एकाचा फरक पडला तर काळजी नको, तो मीटरचा आहे. ‘करंट खाल्ला’ हा प्रश्न या तीन आकड्यांनी मिटतो.

लगेच पुढचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: करंट संपत नाही तर सेल का संपतो? बल्ब गरम होतो, उजेड देतो, ते कशाच्या जोरावर? इथे मी सायकलच्या साखळीचं उदाहरण देतो. पायडल मारलं की साखळीची प्रत्येक कडी एकाच वेळी सरकते. मागच्या चाकापर्यंत पोचलेल्या कड्या तिथे संपत नाहीत, तेवढ्याच परत येतात. चाकाला मिळतो तो पायांचा जोर, आणि दमतात ते पाय. साखळीच्या कड्या म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन, पाय म्हणजे सेल. सेलमधल्या रसायनांची ऊर्जा संपते, इलेक्ट्रॉन संपत नाहीत. पाण्याच्या पाईपची उपमा पुस्तकांत फार चालते, पण मुलांसाठी तिच्यात एक खोट आहे. पाईप तुटला तर पाणी बाहेर सांडतं. तार तुटली तर करंट सांडत नाही, सगळीकडे एकदम थांबतो.

साखळीचं उदाहरण पटवायला एक हिशेब सांगा. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून ०.३ अँपिअर वाहत असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरीने तासाला सुमारे ८ सेंटिमीटर पुढे सरकतात. सेलपासून निघालेला इलेक्ट्रॉन बल्बपर्यंत पोचायची वाट बघितली असती तर उजेडासाठी तास-दोन तास थांबावं लागलं असतं. बल्ब मात्र बटण दाबताच पेटतो, कारण फिलॅमेंटमध्ये, म्हणजे बल्बमधल्या पेटणाऱ्या बारीक तारेत, इलेक्ट्रॉन आधीपासूनच आहेत आणि सगळ्या कड्यातले एकदम सरकू लागतात.

व्होल्टेजवर पोचलो की सावकाश जा. माझ्या अनुभवात मुलांचा करंट फारसा अडत नाही, अडतं ते व्होल्टेज, कारण ते ‘वाहत’ नाही. ते नेहमी दोन जागांमधला फरक असतो. १.५ व्होल्टचा सेल म्हणजे दर कूलोम विद्युतभारामागे १.५ ज्यूल ऊर्जा देणारा सेल. दोन सेल एकापुढे एक, म्हणजे ३ ज्यूल. ही ऊर्जा कड्याच्या एका फेरीत पूर्ण वाटली जाते. बल्ब सारखे असतील तर प्रत्येकाला १.५ ज्यूल. एकाचा रोध जास्त असेल तर त्याच्या वाट्याला जास्त. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून प्रत्येक बल्बवरचं व्होल्टेज मोजा आणि बेरीज करा. ती पेटलेल्या अवस्थेत सेलच्या दोन टोकांवर मिळणाऱ्या आकड्याइतकी येते. सेलवर छापलेल्या ३ शी ताडून बघू नका. नवा सेल मोकळा मोजला तर १.५८ किंवा १.६ दाखवतो आणि बल्ब लावल्यावर खाली येतो.

यानंतरचा प्रयोग करायला फक्त एक मिनिट लागतं, पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचा तोच. दोन बल्ब एकसर पेटलेले असताना एक बल्ब होल्डरमधून काढा. दुसराही विझतो. आता मुलांना विचारा: रिकाम्या होल्डरच्या दोन टोकांवर व्होल्टेज किती असेल? बहुतेक सगळे शून्य म्हणतात, कारण तिथे काहीच नाही. मोजा. पूर्ण ३ व्होल्ट दिसतील. आणि होल्डरात बसलेल्या न पेटलेल्या बल्बवर शून्य. करंट नाही तिथे व्होल्टेज असू शकतं, आणि बल्ब जागेवर असूनही त्यावर व्होल्टेज नसू शकतं. बल्बमधून करंट वाहत नसल्यामुळे त्याच्या दोन टोकांत फरक पडत नाही, आणि सगळा फरक तुटलेल्या जागेवर येऊन बसतो.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीभोवती, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीभोवती, आणि मखराला दिव्यांच्या माळा लागतात. समजा जुन्या पद्धतीच्या माळेत ४६ सारखे बल्ब एकसर आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ५ व्होल्ट. एक बल्ब गेला, माळ विझली. कोणीतरी तो ‘पाच व्होल्टचा’ बल्ब माळ चालू ठेवूनच काढतो आणि रिकाम्या जागेत बोट जातं. त्या जागी आता ५ व्होल्ट नाहीत, पूर्ण २३० आहेत. वर्गातला ३ व्होल्टचा प्रयोग आणि ही माळ यांत तत्त्व एकच. मुलं घरी जाऊन हे सांगतात, आणि ते त्यांनी सांगावं असं मला मनापासून वाटतं. माळ दुरुस्त करायची तर प्लग सॉकेटमधून ओढून बाहेर. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असू शकतं.

आता ओहमचा नियम. तुम्ही बल्ब घेतलात, तिथेच आकडे फसले. नियम बरोबर आहे आणि तुमचं मोजणंही बहुधा बरोबर होतं. ओहमचा नियम सांगतो की तापमान कायम असेल तर करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. बल्बच्या फिलॅमेंटचं तापमान खोलीइतक्यापासून दोन हजार अंशांच्या पुढे जातं आणि तापलेल्या टंगस्टनचा रोध कितीतरी पट वाढतो. २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरच्या बल्बचा पेटलेला रोध ८.३ ओहम. तोच बल्ब थंड असताना मीटरने मोजला तर १ ओहमच्या आसपास दिसतो. एकसर जोडणीत प्रत्येक बल्बला अर्धं व्होल्टेज मिळूनही करंट अर्धा होत नाही, ०.३३ वरून ०.२२ च्या जवळ येतो, त्याचं कारण हेच: फिलॅमेंट कमी तापलं, त्याचा रोध कमी राहिला. उजेड मात्र करंटपेक्षा फार वेगाने घसरतो. व्होल्टेज निम्मं झालं की उजेड साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून बल्ब ‘विझल्यात जमा’ दिसतो आणि मुलांना वाटतं, करंट जवळजवळ संपलाच.

नियम पडताळायला १०० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर (ठरावीक रोध असलेला छोटा भाग) घ्या (तपकिरी, काळा, तपकिरी पट्टे). एक, दोन, तीन सेल लावत जा. करंट साधारण १५, ३०, ४५ मिलीअँपिअर येईल. इथे मीटर २०० मिलीअँपिअरच्या रेंजवर, आणि तिन्ही वेळा त्याच रेंजवर ठेवा. पहिल्या मापाला २० मिलीची रेंज जास्त अचूक वाटते, पण अशा मीटरचा स्वतःचा रोध त्या रेंजवर १० ओहमच्या घरात असतो आणि आकडा जवळपास दहा टक्के कमी येतो. २०० च्या रेंजवर तो सुमारे १ ओहम असतो, तेवढं चालतं. व्होल्टेज प्रत्येक वेळी रेझिस्टरच्या टोकांवर मोजून लिहा, १.५ धरून चालू नका. चौथा सेल लावू नका. ६ व्होल्टला या रेझिस्टरमध्ये ०.३६ वॅट उष्णता होते, पाव वॅटचा रेझिस्टर बोट पोळण्याइतका तापतो. १० ओहमचा तर घेऊच नका, ३ व्होल्टलाच ०.९ वॅट. आलेले तीन बिंदू आलेखावर मांडले की सरळ रेषा येते. मग त्याच आलेखावर बल्बचे बिंदू मांडा. रेषा वाकते. दोन्ही आलेख शेजारी असले की नियम कुठे लागू होतो हेही मुलं शिकतात.

एलईडीचं गणित वेगळं. तिला रोधासारखं वागवता येत नाही. लाल एलईडी १.८ ते २ व्होल्टखाली जवळजवळ काहीच करंट जाऊ देत नाही, आणि त्याच्या थोडं वर गेलं की करंट भराभर चढतो. म्हणून एका सेलवर ती पेटत नाही आणि ९ व्होल्टवर थेट लावली की जळते. साध्या ५ मिलिमीटर एलईडीला २० मिलीअँपिअर ही वरची मर्यादा धरा. जास्तीचं व्होल्टेज अडवायला एकसर रेझिस्टर हवाच. हिशेब असा: ९ मधून एलईडीचे २ वजा, उरले ७ व्होल्ट. १५ मिलीअँपिअर हवेत, म्हणून ७ भागिले ०.०१५, सुमारे ४६७ ओहम. बाजारात ४७० मिळतो (पिवळा, जांभळा, तपकिरी). दोन सेलवर लाल एलईडीला १०० ओहम पुरे, साधारण १० मिलीअँपिअर वाहतात. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीलाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात, तिला तीन सेल आणि १०० ओहम द्या. लांब पाय धनाकडे. पाय कापलेले असतील तर घेराची सपाट कड ऋण बाजू दाखवते. रेझिस्टर एलईडीच्या आधी लावायचा की नंतर, असं मुलं विचारतील. त्यांनाच दोन्ही करून बघू द्या. फरक पडत नाही हे दिसलं की रांगेची समज आणखी ढिली होते.

समांतर जोडणी, म्हणजे प्रत्येक बल्ब सेलच्या दोन टोकांना वेगवेगळा जोडणं, त्या मानाने सोपी जाते, कारण घरात सगळं समांतरच आहे: पंखा बंद केला म्हणून दिवा विझत नाही. दोन्ही बल्बांना पूर्ण व्होल्टेज, करंटची बेरीज. एक अडचण मात्र येते. पुस्तक म्हणतं दुसरा बल्ब जोडल्याने पहिल्याच्या उजेडावर परिणाम होत नाही, आणि तुमच्याकडे पहिला थोडा मंदावतो. सेलच्या आतही रोध असतो. पेन्सिल सेलच्या जोडीचा मिळून १ ओहम धरला, तर ०.६ अँपिअरला ०.६ व्होल्ट आतच खर्च होतात. टॉर्चचे मोठे सेल घेतले की हा परिणाम बराच कमी होतो. खुद्द गेओर्ग ओहमलाही हाच त्रास झाला होता. कोलोनच्या शाळेत शिकवत असताना त्याने आधी रासायनिक घट वापरले, त्यांचं व्होल्टेज टिकेना. मग त्याने एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवलेली तापविद्युत जोडी वापरली, तेव्हा स्थिर आकडे मिळाले. १८२७ साली त्याचा ग्रंथ आला. मुलांचे आकडे हलत असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

दहावीकडे जाणाऱ्या मुलांसाठी कागदावरचं एक गणित: २३० व्होल्टचे १०० वॅट आणि ४० वॅटचे बल्ब एकसर जोडले तर कोणता जास्त उजळ? १०० वॅटवाल्याचा रोध ५२९ ओहम, ४० वॅटवाल्याचा १३२२.५. रोध कायम धरला तर करंट सुमारे ०.१२४ अँपिअर, म्हणजे ४० वॅटवाला २० वॅटवर आणि १०० वॅटवाला ८ वॅटवर. जो ‘लहान’ तोच उजळ. हे फक्त कागदावर. वर्गात, घरात, प्रदर्शनात कुठेही २३० व्होल्टला हात लावायचा नाही. पावसाळ्यात ओल्या अंगाचा रोध १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो, आणि २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलीअँपिअर. माणसाला वाचवण्यासाठी बसवलेला आरसीसीबी ३० मिलीअँपिअरच्या गळतीला तुटतो, त्यावरून २३० म्हणजे काय ते समजा. एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप तुटणारा स्विच) तारेला वाचवतो, माणसाला वाचवण्यासाठी तो नसतो. इन्व्हर्टरची किंवा स्कूटरची बॅटरी, पॉवर बँक, मोबाईलची बॅटरी यांनाही प्रयोगात जागा नाही. त्यांचं व्होल्टेज कमी असलं तरी आतला रोध इतका कमी असतो की शॉर्ट झाल्यास तार लाल होते. चार्ज होणारे पेन्सिल सेलही त्याच कारणासाठी टाळा आणि साधे जस्त-कार्बनचे वापरा. त्यांचा जास्त रोध इथे आपल्या फायद्याचा आहे.

बल्ब पेटत नाही तेव्हा काय झालेलं असतं? बहुतेक वेळा तीनपैकी एक. दोन्ही तारा बल्बच्या एकाच भागाला लागलेल्या: एक तार खालच्या ठिपक्याला आणि दुसरी बाजूच्या धातूला हवी. विजेच्या मोटरमधून काढलेली चकचकीत तार वापरली आणि तिच्यावरचा इनॅमलचा थर खरवडला नाही. किंवा स्विच बल्बच्या ओळीत न लावता सेलच्या दोन टोकांमध्ये लावला. या शेवटच्या चुकीत स्विच चालू केला की बल्ब विझतो आणि सेल तापतो, तेव्हा स्विच ताबडतोब बंद करा.

चौथं कारण आपल्याकडचं. जून ते सप्टेंबर सेल होल्डरच्या स्प्रिंगा आणि क्रोकोडाईल क्लिपा गंजतात. सांध्यात २ ओहमचा रोध आला तर ०.३ अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच जातात, आणि ८ ओहमच्या बल्बला ते जाणवतं. डोळ्यांनी गंज दिसेलच असं नाही, मीटरने शोधा: बल्ब पेटलेला असताना व्होल्टमीटर प्रत्येक सांध्याच्या अलीकडे-पलीकडे टेकवा. चांगला सांधा शून्याच्या जवळ दाखवतो, ०.१ च्या वर गेला तर काचपेपरने घासा. व्होल्टेज म्हणजे दोन जागांमधला फरक हे मुलांच्या हाती पक्कं बसतं ते इथेच, कारण त्याचा त्यांना उपयोग होतो.

चार-चार मुलांचे पाच गट धरले तर प्रत्येक गटाला तीन मोठे सेल, होल्डरसह २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचे दोन बल्ब, सहा क्लिपवाल्या तारा, एक स्विच, एक लाल एलईडी, दोन १०० ओहमचे आणि एक ४७० ओहमचा रेझिस्टर लागेल. मीटर दोन गटांत एक असला तरी चालतो. फिलॅमेंटचे बल्ब आता टॉर्चच्या दुकानात सहज मिळत नाहीत. पणजी, मडगाव, म्हापसा किंवा फोंड्याला शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा आणि एकाच पाकिटातले जास्तीचे घ्या. घरी आणल्यावर दोन-दोन एकसर लावून ताडून बघा, सारखे पेटणाऱ्यांच्या जोड्या चिकटपट्टीने बांधा.

पहिल्या रविवारी यातलं काहीच देऊ नका. एक सेल, एक बल्ब, एकच तार, होल्डरही नको. पेटवून दाखवा म्हणायचं, आणि पेटल्यावर करंटची सगळी वाट बोटाने फिरवून दाखवायला सांगायचं, बल्बच्या आतून आणि सेलच्या आतूनसुद्धा. बोट सेलपाशी येऊन थांबलं तर त्या मुलाचं कडं अजून पूर्ण झालेलं नाही. दुसऱ्या रविवारी दोन बल्ब आणि मीटर, तिसऱ्याला रेझिस्टर, चौथ्याला एलईडी. वर्ग संपला की सेल होल्डरमधून काढून ठेवायचे, नाहीतर गळून स्प्रिंग खातात, आणि सगळं सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करायचं.